मोरचूद

जस्ताच्या पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ लेप द्यायचा, त्यात सुईने चित्र उघडं करायचं आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. सुई फिरली तिथेच ॲसिड धातू खातं. रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच सारत राहावं लागतं, नाहीतर रेघ तुटक येते. पत्रा लवकर बाहेर काढून फिकट हव्या त्या रेघा वार्निशने झाकायच्या, गडद हव्या त्या आणखी मुरू द्यायच्या. एचिंगमधले किती तरी प्रयोग या मुरण्याच्या वेळेचेच असतात.

छापा निघतो, सगळे पाहायला जमतात. थाळीत उरलेल्या ॲसिडकडे मात्र कोणी पाहत नाही. अंबरनाथला राहून मला असं दुर्लक्ष जमत नाही. इथलं शिवमंदिर इ.स. 1060चं, वालधुनी नदीच्या काठावरचं. 1868 साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे टेरी विद्यार्थ्यांना घेऊन इथे आले. त्यांनी मंदिराची रेखाटनं केली, शिल्पांचे साचे घेतले. चित्रकलेशी इतकं जुनं नातं असलेल्या या नदीत आज कारखान्यांची रसायनं वाहतात. 2014 साली उल्हासनगरात टँकरमधलं रसायन तिच्यात सोडलं गेलं, तेव्हा काठावरच्या कितीतरी माणसांना इस्पितळात न्यावं लागलं. त्याच नदीत आपल्या थाळीतलं ॲसिड, ते वाटीभर का असेना, जाऊ देणं मला पाप वाटतं.

सुदैवाने ॲसिडशिवाय, मोरचूद आणि मिठाच्या पाण्यातही जस्त कोरलं जातं. द्राक्षबागायतदार चुन्यात कालवून फवारतात, तोच हा मोरचूद. नायट्रिकसारख्या तपकिरी वाफा येत नाहीत, ठसका लागत नाही. जस्त विरघळतं, तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं आणि पाण्याचा निळा रंग उतरत जातो. हे पाणीही गटारात ओतायचं नाही. तांबं माशांना विषच. धुण्याचा सोडा घालून उरलेले धातू खाली बसवायचे आणि सगळा गाळ घातक कचऱ्यात द्यायचा.

आणि एक लाभ असा, की मोकळ्या सोडलेल्या जागेवर मोरचूद आपणहून दाणेदार पोत उठवतो. एरवी त्यासाठी राळेची भुकटी उडवावी लागते, ती छातीत जाते. मंदिराच्या भिंतीवरचा झिजलेला काळा दगड कागदावर आणायला याहून योग्य पोत मला अजून सापडलेला नाही.