साक्ष कोणाची?

माझा पुतण्या एका महाविद्यालयात शिकवतो. मागच्या महिन्यात आमच्या गावी, केंदूरला आला तो मोबाईलवरचा एक निरोप दाखवतच: निबंध पाठवा, तीन दिवसांत छापतो, फी पंधराशे, सोबत प्रमाणपत्र. त्याचा निबंध कांदाचाळीतल्या नासाडीवर आहे. आमच्याच शिवारातल्या चाळींमध्ये वजनं घेऊन त्यानं तो मेहनतीनं लिहिलाय. तो म्हणाला, "काका, लिहिलंय ते सगळं खरं आहे. मग पैसे देऊन छापलं तर त्यात पाप कुठे आलं?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि मी निवृत्त झालो तरी तो माझाही आहे.

छापलेला निबंध वाचकाला दोन गोष्टी सांगतो. एक, कांदा इतका नासला. दुसरी, हे या विषयातल्या जाणत्या माणसांनी तपासलंय. पहिली पूर्ण खरी असेल. दुसरी खोटी आहे, कारण तीन दिवसांत कुणीही काहीही तपासलेलं नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या युधिष्ठिराचे शब्दही खरेच होते, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला. आणि खोटी साक्ष देणाऱ्याइतकाच ती विकत घेणाराही तिचा भागीदार असतो, हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं.

यावरून कुणी खुल्या प्रकाशनालाच नावं ठेवू लागलं तर मला ते मान्य नाही. संशोधन सर्वांना फुकट वाचता यावं, ही 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यातली मागणी मला धर्माची वाटते. शेजारच्या पाबळला विज्ञान आश्रमात शिकणाऱ्या पोरानं एक लेख वाचायला हजारो रुपये कुठून आणायचे? ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो याच तळमळीनं. पण आपण पुढचा भाग विसरतो. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, अशुद्ध पाठ काढले आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. आज आमच्या सप्ताहात पारायणाला बसलेली बाई समोरच्या पोथीवर निःशंक विश्वास ठेवते. तो विश्वास नाथांच्या कष्टावर उभा आहे. दार उघडणं आणि आतलं धान्य निवडून ठेवणं, दोन्ही कामं सारख्याच पुण्याची.

निवडण्याचं काम आपण कसं केलं? 2018 मध्ये पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीत आलेली 1,009 नियतकालिकं त्यांनी पाहिली. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकषांवर उतरली नाहीत. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची माहिती नाही, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावाच खोटा. शिफारस करणारी विद्यापीठं आपलीच होती, हे मला सर्वांत जास्त लागलं. आयएसएसएन हा निव्वळ ओळख क्रमांक, पण महाविद्यालयांत तो दर्जाचा शिक्का समजून मिरवला जातो.

यामागे पोट आहे, हे मला कळतं. 2010 नंतर एपीआयचे, म्हणजे शिक्षकाची शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आले, बढती पेपरांच्या संख्येला बांधली गेली आणि प्रयोगशाळा नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मास्तरालाही पेपर 'टाकणं' भाग पडलं. ती सक्ती अन्यायाचीच होती. पण अन्याय झालेल्या माणसानं पुढे वाचकाला फसवावं, हा त्यावरचा न्याय नव्हे.

यादीनं हे सुटेल असंही आता म्हणता येत नाही. त्या फजितीनंतर आलेली 'केअर' यादी 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं बंद केली; नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि लेखकावर आहे. माझी मागणी एकच: परीक्षकांनी काय विचारलं आणि लेखकानं काय उत्तर दिलं, ते निबंधासोबत खुलं छापा. काही नियतकालिकं हे आज करतातही. पुतण्याला मी असंच एखादं, फी न घेणारं नियतकालिक शोधायला सांगितलंय. आठ-दहा महिने लागतील. दरम्यान चाळीतली वजनं घेणं त्यानं चालू ठेवलंय, कारण परीक्षक पावसाळ्यातल्या नासाडीचे आकडे नक्की मागणार.