संबंध आणि ऋण

कोण कोणाशीं जोडलेला आहे हें कळलें, म्हणजे कोण कोणाचा ऋणी आहे हेंही कळतें काय? संगीतासारख्या कर्णोपकर्णीं जाणाऱ्या विद्येच्या बाबतींत हा केवळ कुतूहलाचा प्रश्न राहत नाहीं. तो न्यायाचा होतो.

ग्लायझर व डॅनन या दोन संशोधकांनीं २००३ सालीं अमेरिकेंतील जुन्या जॅझ संगीताचें एक संबंधजाल प्रसिद्ध केलें. १९१२ ते १९४० या काळांतील १९८ वाद्यवृंद व १२७५ वादक त्यांनीं विचारांत घेतले. प्रत्येक वृंद हा एक बिंदु. दोन वृंदांत एक जरी वादक समाईक असला, तरी त्यांमध्यें एक रेघ. गणित करतां बिंदूंचे गट पडले, आणि पाहतात तों एका बाजूस गौरवर्णी वृंद, दुसऱ्या बाजूस कृष्णवर्णी! वर्णभेदाची भिंत गणितास कोणीं सांगितली नव्हती. तरी ती रेघांतून दिसून आली. कलेस गणिताचा वाराही लागूं नये असें म्हणणाऱ्यांनीं या एका गोष्टीचा अवश्य विचार करावा.

परंतु ही रेघ एकत्र वाजविण्याची आहे. ऐकण्याची रेघ तींत नाहीं. शिकागो येथील लिंकन गार्डन्समध्यें किंग ऑलिव्हर व तरुण लुई आर्मस्ट्राँग वाजवूं लागले, तेव्हां गौरवर्णी तरुण वादक ऐकावयास येत व शिकून जात. ती विद्या कोणत्या रेघेनें दाखवावी? जॅझची पहिली म्हणून गणली जाणारी ध्वनिमुद्रिका १९१७ सालीं निघाली, ती गौरवर्णी वृंदाची. ऑलिव्हरच्या वृंदाची पाळी १९२३ सालीं आली. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनला तर पुष्कळ जाणकार या संगीताच्या आद्य प्रवर्तकांत गणतात. तो १९०७ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत गेला व १९३१ सालीं वारला. त्याचें एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. १९१२ पासून सुरू होणाऱ्या जाळ्यांत त्याला बिंदूचीही जागा नाहीं. मग रेघा कोठून असणार?

शिवाय रेघेचीं दोन्ही टोकें सारखींच असतात. ऋणाला मात्र देणारा एक व घेणारा दुसरा असतो. आपल्या पूर्वजांनीं ऋषिऋण मानलें, त्यांत नामशेष झालेल्या व नांवही न उरलेल्या गुरूंचा समावेश होताच. संबंधजाल हातीं घेणाऱ्यानें रेघा अवश्य मोजाव्यात. परंतु कोऱ्या राहिलेल्या जागा कोणाच्या, हें विचारल्यावांचून त्याचा हिशेब पुरा झाला असें आम्ही मानणार नाहीं.