तोच नमुना, तेच उत्तर

धावडा गावातल्या एखाद्या शेतकरी घरातला विळा घ्या. सकाळी सासूबाई त्याने चारा कापतात, दुपारी सून तोच घेऊन सोयाबीन सोंगायला जाते, संध्याकाळी शेजारी मागून नेतो. मूठ एकच, पण तिच्यावर तिघांच्या घामाचा, कातडीचा अंश राहतो. उद्या तो विळा गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झाला, तर पंचनामा होऊन, सील लागून प्रयोगशाळेत जाईल आणि कोर्टात सगळे सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहत बसतील.

एकाच माणसाचा डीएनए वाचणं आता अवघड राहिलेलं नाही. मिश्रणाचं तसं नाही. डीएनएतल्या प्रत्येक तपासस्थानी माणसाच्या फार तर दोन खुणा असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. या खुणा प्रयोगशाळेच्या आलेखावर शिखरं बनून उमटतात; चौघे मिसळले की एका स्थानी आठपर्यंत शिखरं येऊ शकतात. त्यातली काही एकमेकांवर बसतात, ज्याचा अंश अगदी थोडा त्याची उमटतच नाहीत, काही तर तपासणीच्या प्रक्रियेतच उपजतात. कोणतं शिखर खरं धरायचं, माणसं किती मानायची, हे शेवटी तज्ज्ञच ठरवतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ साली १०८ प्रयोगशाळांना तेच आलेख वाचायला दिले. एका प्रकरणात चौघांचं मिश्रण होतं. ज्या संशयिताचा अंश त्यात नव्हताच, त्यालाही ७४ प्रयोगशाळांनी त्यात धरलं. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आलेख सगळ्यांपुढे एकच होता, वाचण्याचे नियम मात्र ज्याचे त्याचे.

आपल्याकडे ठाण्यातल्या २०१० च्या बालिका-हत्या प्रकरणात फाशी सुनावलेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निर्दोष सोडलं. नमुने पाठवायला उशीर झाला होता, त्यांत दुसरं काही मिसळल्याची शंका होती, म्हणून डीएनए अहवालावर विसंबता आलं नाही. तेरा वर्षांनी त्या लेकराच्या आईबापांच्या हाती काय आलं?

जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायला सांगितलं. हा वाटेतला नियम झाला. टेबलावरचा, म्हणजे मिश्रण वाचण्याचा नियमही तितकाच कडक हवा. मुंबईतल्या कलिना, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळांना एकच मिश्रण, चाचणी आहे हे न सांगता, पाठवावं. उत्तरं जुळली नाहीत तर तेही छापावं, आरोपीच्या वकिलाला आणि मयताच्या घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत.