घरच्यास बंदी, पाहुण्यास मुभा

एकाच देवस्थानचे महाजन असलेले दोन चुलतबंधू कल्पावेत. एकाचे बिऱ्हाड फोंड्यास. दुसऱ्याची शाखा तीन पिढ्यांमागे बेळगावी गेली व तिकडचीच झाली. जत्रेस दोघेही येतात, एकाच पंगतीस बसतात. परंतु रात्री पणजीस जाऊन मांडवीतील कॅसिनोच्या जहाजावर खेळावयाचे म्हटले, तर बेळगावकरास दार उघडे आणि फोंडेकरास बंद. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांस कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. पर्यटकास ती नाही. हा भेद न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे. जुगार चांगला की वाईट, हा वाद देवळाच्या पत्रिकेत घालण्याचे प्रयोजन नाही. त्याचे उत्तर प्रत्येक घरास ठाऊक आहे.

गोव्याचा जुगारविषयक कायदा १९७६ चा. त्याचा मूळ हेतू मनाईचाच होता. पुढे १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजावरील खेळांस वाट मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, मुंबई राज्याच्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असे ठरविलेले आहे. तेव्हा कॅसिनोचा परवाना हा कोणाचा हक्क नसून शासनाने आपखुशीने दिलेली सूट आहे. ती कोणासाठी व का दिली, याचे उत्तर देणे सूट देणाऱ्यास ओघानेच आले.

शासनाच्या बाजूने आर्थिक उत्तर असे की, पैसा बाहेरून येतो. ते समजण्यास खेळाचे गणित पाहिले पाहिजे. चक्राच्या खेळात शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये लागले असे धरले, तर मेजावर ३,७०० रुपये येतात. जिंकणाऱ्यास त्याचे शंभर व वर पस्तीसपट मिळून ३,६०० परत जातात. शंभर रुपये मालकाकडे राहतात, गोळी कोणत्याही घरात पडो. (काही चक्रांवर अडतीस घरे असतात; तेथे मालकाचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो.) आता हे शंभर रुपये गोव्याच्याच माणसाने गमावले, तर राज्याच्या संपत्तीत भर काहीच पडत नाही, एका खिशातले दुसऱ्या खिशात जातात आणि बुडालेल्या संसाराचा भार मात्र येथल्याच समाजावर पडतो. गुजरातच्या वा महाराष्ट्राच्या माणसाने ते गमावले, तर कर, परवाना-शुल्क व पगार येथे राहतात आणि संसार तिकडे बुडतो. मोनॅकोचा संस्थानिकही याच हिशेबाने आपल्या प्रजेस आपल्या कॅसिनोत खेळू देत नाही. हिशेब म्हणून त्यात चूक काढता यावयाची नाही.

आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. आपल्या मुलास जे विष म्हणून आपण देत नाही, ते पाहुण्याच्या ताटात वाढावयाचे आणि त्याचे मोल घ्यावयाचे, हे व्यवहारात बसेल, धर्मात बसत नाही. २०२० पूर्वी शासनास निदान असे म्हणता येत होते की, हा करमणुकीचा प्रकार आहे, ज्याने त्याने आपले पाहावे. बंदी घातली त्याच दिवशी तो बचाव संपला. शिवाय पाहुणा म्हणजे परका, हे तरी कोठे खरे? वडोदरा, बेळगाव, मुंबई येथील आपलीच घरे त्यात आली. त्या जहाजांवर नोकरीस लागलेल्या आपल्या तरुणांस मात्र आम्ही या दोषात धरीत नाही. घरी आईबापांस पैसे पाठविणाऱ्या मुलाने नोकरी करावी की नाही हा प्रश्न वेगळा आहे, आणि ज्यांस दुसरी नोकरी देता येत नाही त्यांनी तो विचारू नये.

अर्थशास्त्रात कौटिल्यानेही जुगार राजाच्या अध्यक्षाखाली ठेविला आहे, असे काही विद्वान दाखवितात. खरे आहे. परंतु खेळ एकाच ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, याचे कारण तो असे देतो की, गुप्तपणे उपजीविका करणारे लोक त्यायोगे उघडकीस यावेत. फासे अध्यक्षाने पुरवावयाचे, म्हणजे लबाडी होऊ नये. आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घ्यावयाचे. मनूने तर द्यूत राज्यातून काढूनच टाकावे असे सांगितले आहे. दोघांचे मत भिन्न, पण आपली प्रजा वाचवून वाटसरूस लुटू द्यावे, असे दोघांपैकी कोणीच सुचविलेले नाही.

कौटिल्याचे शेकडा पाच कोठे आणि आजचा कर कोठे! २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा कॅसिनोवर तो शेकडा २८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला आहे. कर वाढला म्हणजे जुगारास आळा बसेल, असे म्हणतात. थोडा बसतही असेल. परंतु ज्याच्या तिजोरीत त्या उत्पन्नाची सवय मुरली, त्याच्या हातून आळा घातला जाणे कठीण. मांडवीतून जहाजे हलविण्याची भाषा कित्येक वर्षे होत आहे आणि मुदतवाढीही होतच आहेत.

सर्वच कॅसिनो उद्या बंद करा, असे म्हणण्याचा सोपा मार्ग आम्ही घेत नाही. तेथे कामावर असलेल्यांचे काय, हे आधी सांगावे लागेल. पण सिंगापूरने २०१० साली कॅसिनो उघडले तेव्हा कुटुंबीयांस अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करविता येईल, अशी तरतूद ठेविली. तशी येथे झाली, तर वडोदऱ्याच्या एखाद्या गृहिणीस गोव्याच्या दारावर निदान एक शब्द टाकता येईल.

आणि शासनास विचारावयाचे ते आपणांसही विचारले पाहिजे. जत्रेच्या रात्री देवळाबाहेर जुगाराचे पट मांडले जातात, हे कोणास नवे नाही. जागेचे भाडे वा देणगी म्हणून त्यांचा पैसा कोणत्याही देवस्थानाच्या वहीत जमा होत असेल, तर त्या पटावर बसणारा बहुधा त्याच देवतेचा कुळावी असतो. बलिप्रतिपदेचे द्यूत शास्त्रात आहे, असे सांगून हे झाकता यावयाचे नाही. ते घरातले, एका दिवसाचे. येत्या महाजनांच्या सभेत, जत्रेचा जमाखर्च मांडला जाईल तेव्हा, हा विषय घेतला जावा, अशी आमची विनंती आहे.