मोडावी की ठेवावी?

आपल्या वसईत फिरताना एक गोष्ट सहज नजरेस पडते. घर नवे, स्लॅबचे, पुढे ग्रीलचा ओटा. आणि मागे विहिरीच्या बाजूला ताडपत्रीखाली एक जुनी मोटारसायकल. कुठे राजदूत, कुठे बुलेट, कुठे येझदी. चालवणारा माणूस देवाघरी गेलेला असतो किंवा त्याचे गुडघे आता साथ देत नाहीत. गाडी चालत नाही, विकली जात नाही आणि तिच्याविषयी कोणी बोलतही नाही. मग एखाद्या दिवशी कोणीतरी फाटकात उभा राहून विचारतो, “देणार का?” आणि ज्या वस्तूकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तिच्यावरून भावंडांत अबोला होतो.

आमच्या घरी सध्या हाच प्रश्न आहे. आम्ही चार भावंडे, आणि आमच्या पप्पांची १९८४ सालची येझदी रोडकिंग. प्रश्न आमच्या एकाच घरचा असता तर या पानाची जागा अडवली नसती. पण ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या घरची तशीच एक गोष्ट सांगितली. कुणाची मोटारसायकल, कुणाचे शिलाई मशीन, कुणाच्या आजोबांचे व्हायोलिन. म्हणून वाटले, आपण सर्वांनी मिळून थोडा विचार करावा.

व्यवहार असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ गाडी आहे तशी, अखंड, ४५,००० रुपयांना मागतात. ते ती दुरुस्त करून चालवणार आहेत. मुंबईचा एक सुट्या भागांचा व्यापारी तिच्याच ७०,००० देतो. तो ती खोलणार आणि भाग वेगवेगळे विकणार. अखंड वस्तूपेक्षा तिच्या तुकड्यांना जास्त किंमत कशी, असे कुणालाही वाटेल. कारण सरळ आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जावा गाड्या बनवायला घेतल्या, पुढे त्यांचेच नाव येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले. पण नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक, त्यांचे भाग जुन्या टू-स्ट्रोकला बसत नाहीत. आज ज्याच्याकडे जुनी येझदी चालू आहे त्याला कधी ना कधी काहीतरी लागतेच. एकाला क्रँक, दुसऱ्याला मूळची टाकी, तिसऱ्याला काटा शाबूत असलेला स्पीडोमीटर. अखंड गाडीला गिऱ्हाईक एक, भागांना तीस. मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात, तो असा.

आपल्या भाषेत यासाठी शब्द एकच आहे, मोडणे. आपण दागिना मोडतो. शंभराची नोट मोडतो तेव्हा हातात येणारे सुटे पैसे तेवढेच भरतात, काही हरवत नाही. दागिना मोडतो तेव्हा मात्र सोने तेवढेच राहूनही काहीतरी जाते, आणि ते काय ते सोनाराच्या तराजूत दिसत नाही. आमच्या आईने थोरल्याच्या कॉलेजच्या फीसाठी आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. तिला या येझदीचे विचारले तर ती म्हणते, “पाटल्या मोडल्या तेव्हा कुणी मला विचारायला आले नव्हते.” यावर आमच्याकडे उत्तर नाही.

मग गाडी मोडली तर नेमके काय जाते?

हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्याच देशात तो फार चांगल्या रीतीने विचारला गेला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाके म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? जू, लगाम, दांडी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी असे ठरते की हे सारे भाग एकत्र आले की त्याला रथ हे नाव दिले जाते, भागांपलीकडे रथ म्हणून वेगळे काही नाही. ग्रीकांकडे हीच शंका थिसियसच्या जहाजाविषयी होती. प्लूटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत ते जपले, आणि तेच जहाज राहिले की दुसरे झाले यावर विद्वान वाद घालत बसले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस हॉब्सने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून, त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले तर खरे कोणते?

आमच्या मागच्या दारी उभ्या असलेल्या गाडीला हे प्रश्न लावून पाहिले. तिचा कार्बोरेटर मूळचा नाही. सीट दोनदा बदलली. मागचे चाक आणि एक सायलेन्सर पप्पांनी दुसऱ्या एका येझदीचे आणून बसवले. ती येझदी नाल्यात पडून चेपली होती आणि तिच्या मालकाने ती खोलून विकली होती. म्हणजे ज्या गाडीला आम्ही ‘पप्पांची गाडी’ म्हणतो ती कितीतरी वर्षे दुसऱ्या कुणाच्या तरी मोडलेल्या गाडीवर जगली. कारखाना बंद झाल्यावर दुसरा इलाज काय होता? काही भाग नवे करून मिळत, सगळे नाही. तेव्हा गाडी खोलणे म्हणजे जणू पाप, असे जे आमच्यातले काहीजण बोलतात ते टिकत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू लगेच टाकून न देता पुन्हा वापरणे हीदेखील प्रेमाची कृती होऊ शकते, असे म्हटले आहे. येझदीचा क्रँक सोलापूरच्या कुणा माणसाची बंद पडलेली गाडी चालू करील, तर त्यात वाईट काय?

इथवर व्यापाऱ्याची बाजू भक्कम आहे. तो स्वतः हे आणखी छान सांगतो. “अवयवदानच समजा,” असे तो आम्हांला म्हणाला. ऐकायला बरे वाटते. पण अवयवदानाचा आपल्याकडचा १९९४ चा कायदा पाहिला तर त्यात एक शहाणपणाची अट आहे. मेंदू-मृत्यूचा दाखला डॉक्टरांचे मंडळ देते, आणि त्या डॉक्टरांचा पुढच्या प्रत्यारोपणाशी संबंध नसावा लागतो. ज्याला अवयव हवे आहेत त्याने माणूस मेला असे ठरवायचे नाही. मोटारसायकलीचा जीव माणसाच्या जिवाशी तोलायचा नाही, हे उघड आहे; पण अट कोणत्याही मोडीला लागू पडावी अशी आहे. “ही आता संपली” असे आम्हांला सांगत कोण होते? ज्याला तिचे भाग हवे होते तोच.

म्हणून ओळखीच्या एका वयस्क मेकॅनिकला बोलावले. त्याला ना गाडी घ्यायची होती ना विकायची. त्याने टाकीत टॉर्च मारून पाहिली, किक दाबून पाहिली (येझदीची किक हाच तिचा गिअरचा लिव्हर, हे नव्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही), सांध्यांवर हातोडीने ठोकून पाहिले. पिस्टन गंजून अडकलेला, क्रँकची बेअरिंग गेलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेले. चेसिस मात्र ठणठणीत. तो म्हणाला, गाडी आजारी आहे, मेलेली नाही. तीस-पस्तीस हजार आणि धीर असेल तर चालेल.

चेसिस सडलेली निघाली असती तर आम्ही एका दिवसात खोलून मोकळे झालो असतो, आणि आमच्या मते तेच योग्य ठरले असते. शेजारच्या आळीत एका घरी तसेच झाले, कुणाला काही वाटले नाही. पण जी वस्तू उभी राहू शकते तिच्या बाबतीत एक साधी गोष्ट आडवी येते. अखंड गाडीचे भाग कधीही करता येतील. आज, उद्या, दहा वर्षांनी. भागांची तीच गाडी पुन्हा करता येणार नाही. हॉब्सच्या माणसाने फळ्या साठवल्या होत्या, आमचे भाग तीस गावांना जाणार. जो निर्णय परत घेता येत नाही, तो घेणाऱ्याने जास्त कारणे द्यावीत, एवढे मागणे रास्त आहे.

आता दुसऱ्या बाजूचे. ‘मोडू नका’ म्हणणाऱ्यांनी आनंदित होऊ नये, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत होते ते मोडणेही नाही आणि जपणेही नाही. होते ते ताडपत्री. आपली हवा खारी, चार महिने पाऊस. टाकी आतून गंजते, कार्बोरेटरमधले पेट्रोल सुकून डिंकासारखे होते, रबराला भेगा पडतात. ताडपत्रीखालची गाडीही खोललीच जात असते, फक्त सावकाश, आणि तिचा भाग कुणाच्याही उपयोगी पडत नाही. व्यापारी निदान क्रँक वाचवतो. ‘आठवण म्हणून राहू दे’ असे म्हणून आपण जे ठेवतो ते बहुधा पुढच्या पिढीसाठी भंगार असते.

आणि राहू दे म्हणतो कोण? आमच्या चौघांपैकी थोरला दोह्याला असतो. दुसरा पुण्यात, तिसरा बोरिवलीला. धाकटी बहीण आईजवळ, घरी. दर पावसाळ्याआधी गाडी ओढून कोरड्यात ठेवणे, साप निघाला तर लोकांना बोलावणे हे सारे तिच्या वाट्याला. पप्पांच्या आजारपणात नोकरी सोडली ती तिने. छपराचे पत्रे बदलायला पैसे हवेत तेही तिलाच. गाडीचे पैसे तिच्याच हाती द्यायचे, यावर निदान आमचे एकमत आहे. गाडी विकू नका असे सर्वांत जोराने बोलणारा मात्र तिच्यापासून सर्वांत दूर राहतो. हे आम्ही कुणाला टोचायला लिहीत नाही, त्याच्यासमोर बोलून झाले आहे. भावना खोटी नाही. आई दादरला फुले घेऊन जाई, पप्पा पहाटे तिला करंड्यांसह याच येझदीवरून वसई रोड स्टेशनला सोडीत, आणि परत येताना थोरल्याला टाकीवर बसवीत. ते त्याला जसे आठवते तसे धाकटीला आठवणे शक्य नाही, ती तेव्हा पाळण्यात होती. पण भावना त्याची आणि भार तिचा, ही वाटणी न्यायाची नव्हे. ज्याला वस्तू अखंड हवी आहे त्याने अखंडपणाची किंमत भरावी. तो भरायला तयार नसेल तर त्याचे मत ऐकावे, मोजू नये.

गाडी ठेवून घेण्याचा पर्याय याच कसोटीवर गळला. नियमाने पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, २०२१ पासून तशी सोय आहे. आमची येझदी तिथे २०३४ ला पोहोचेल. तोवर तिची निगा कोण राखणार, असे विचारल्यावर थोरल्यासकट सगळे गप्प झाले.

उरले दोन गिऱ्हाईक. इथे एक गोष्ट पुढे आली, जी आरंभीच दिसायला हवी होती असे वाचकांना वाटेल. व्यापाऱ्याचे ७०,००० हे गाडीसोबत आरसी बुक आणि क्रमांकासह चेसिस धरून होते. कागद न देता फक्त भाग दिले तर ५५,०००. खोललेल्या गाडीच्या कागदांना पंधरा हजार कशाचे? भागांना आरसी बुक लागत नाही. मेलेल्या गाडीचे कागद आणि क्रमांक लागतात ते जिवंत गाडीला, आणि जिला स्वतःचे कागद दाखवता येत नाहीत अशी गाडी बहुधा चोरीची असते. त्या व्यापाऱ्याच्या मनात काय होते ते देव जाणे, आरोप आम्ही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणीपत्र पाठवायचे असते. चेसिसवरच्या क्रमांकाचा कापलेला तुकडाही मागितला जातो. हे कुणी करत नाही, कारण भंगारात गेलेल्या गाडीसाठी कचेरीत खेपा कोण घालणार? पण सातवी आज्ञा फक्त दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यापुरती नसावी. आपण विकलेला एक क्रमांक नालासोपाऱ्यातल्या कुणा डिलिव्हरीवाल्या पोराची चोरलेली गाडी पचवायला उपयोगी पडत असेल, तर ते पंधरा हजार कोणत्या हिशेबात धरायचे?

ते वजा केल्यावर तफावत राहिली दहा हजारांची. ही अखंडपणाची किंमत. तिन्ही भावांनी ती आपसात घातली, धाकटीच्या हिशेबात पूर्ण ५५,००० जमा होतील, आणि गाडी नाशिकला जाईल. ते गृहस्थ पुढे ती खोलणार नाहीत याची हमी कुणी देऊ शकत नाही; विकलेल्या वस्तूला शपथ घालता येत नाही. धाकटी तर स्पष्टच म्हणाली की, तुम्ही दहा हजार देताय ते गाडीसाठी नाही, पहिला बोल्ट आपल्या हातून ढिला होऊ नये म्हणून. असेलही तसे. त्यांनी स्वतः पंधरा वर्षे येझदी चालवली आहे, आणि पहिल्या भेटीत किमतीआधी विचारले ते मूळचे पाने आहेत का. पाने होते, पप्पांच्या जुन्या रेनकोटच्या तुकड्यात गुंडाळलेले.

नोंदणीची मुदत संपली आहे आणि गाडी चालू होऊन तपासणी झाल्याशिवाय ती वाढणार नाही. म्हणून स्टॅम्पपेपरवर करार होईल, पण आरसी बुक तोवर आमच्याजवळ राहील. गाडी उभी राहिली की त्यांच्याबरोबर आरटीओत जाऊन फॉर्म २९ आणि ३० भरायचे, असे ठरले आहे. पप्पांच्या नावावरून आधी आईच्या नावावर करावी लागेल, त्याचे कागद धाकटीने जमवायला घेतले आहेत.