पाचच जणांना

एक मुलगी होती. तिचं काम बघण्याचं होतं.

शहर निजलं की ती एका काचेच्या इमारतीत जाऊन संगणकासमोर बसायची. समाजमाध्यमावर कुणीतरी काहीतरी टाकलेलं असायचं, दुसऱ्या कुणीतरी त्याविरुद्ध तक्रार केलेली असायची, आणि ते तिच्या पडद्यावर येऊन उभं राहायचं. ठेवायचं की काढायचं, एवढंच तिनं सांगायचं. एक झालं की दुसरं. या न संपणाऱ्या रांगेला तिथं सगळे ‘क्यू’ म्हणत. मराठी आणि हिंदीचा क्यू तिच्याकडे होता. एका पोस्टवर जरा जास्त वेळ गेला की टीम लीडर मागून यायचा आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. काही बोलायचा नाही. बोलायची गरजच नसे.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. रक्त आहे का, धमकी आहे का, शिवी आहे का, अंगावर कपडे आहेत का. मुलगी हुशार होती. तीन महिन्यांत तिला पुस्तक पाठ झालं.

२०१८ च्या उन्हाळ्यात तिच्या क्यूमध्ये एक व्हिडिओ आला. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मोटरसायकलवरून दोघं आले, सगळ्यात लहान पोराला उचललं आणि निघून गेले. व्हिडिओ तिथंच संपला. खाली मराठीत लिहिलं होतं, आपल्या भागात पोरं धरणारी टोळी आली आहे, सावध राहा.

मुलीनं पुस्तक आठवलं. रक्त नव्हतं. धमकी नव्हती. शिवी नव्हती. उलट लिहिणाऱ्यानं काळजीच केली होती. तिनं ‘ठेवा’ दाबलं. पुढची पोस्ट आली.

त्याच आठवड्यात गावाहून आईचा फोन आला.

“अगं, तो पोरं पळवणाऱ्यांचा व्हिडिओ आलाय. तू बघितलास का? तुझं कामच आहे ना ते?”

“बघितला आई.”

“मग खरा आहे का?”

मुलगी रात्रपाळी करून आली होती. डोळे चुरचुरत होते. ती म्हणाली, “दिसतो तर खरा.”

आई व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-दहा नव्हे, चांगल्या अठरा ग्रुपांत होती. भावकीचा ग्रुप, बचत गटाचा, अंगणवाडीचा, माहेरचा, दिंडीचा. तिनं तो व्हिडिओ सगळीकडे पाठवला आणि खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं: माझी मुलगी याच कामात आहे, तिनंही बघितलाय.

१ जुलैला रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथं त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. बाजारात पाच अनोळखी माणसं दिसली. ती सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे. कुणीतरी ओरडलं. बाजार गोळा झाला. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, आणि त्या खोलीतून त्यांच्यातलं कुणीही जिवंत बाहेर आलं नाही.

मुलीच्या गावापासून राईनपाडा लांब होतं. आईनं पाठवलेला व्हिडिओ तिथवर गेला होता की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. गेला नसेलही. पण बातमी वाचून आईनं फोन बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत खाली खोल पुरून ठेवला. चार दिवस तो तिथंच होता. मुलीला वाटलं, आईला काही झालं की काय. शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनवर दोघी बोलल्या. बोलल्या म्हणजे, बराच वेळ दोघीही गप्पच होत्या.

त्या व्हिडिओचा माग लागला तेव्हा मुलीला तो पूर्ण बघायला मिळाला. तो मुळी आपल्या देशातला नव्हताच. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेनं २०१६ साली तो बनवून घेतला होता. गल्ली खरी होती, उचलून नेणं नाटक होतं. मोटरसायकल काही क्षणांत परत येते, पोराला खाली ठेवते, आणि दोघांतला एक जण कॅमेऱ्यासमोर एक फलक उलगडतो: मुलं पळवली जायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. आईबापांना जागं करायला काढलेली ती फिल्म होती. कुणीतरी तिचा शेवट तेवढा कापला होता.

शनिवारवाड्यातल्या ‘ध चा मा’ची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. तिथं निदान एक अक्षर बदलावं लागलं, असं परंपरा सांगते. इथं कुणी काही बदललं नव्हतं. मुलांना वाचवायला काढलेलीच चित्रं होती, फक्त पुरती नव्हती. जे पडद्यावर नव्हतंच, ते मुलीच्या पुस्तकाला कसं सापडणार होतं?

जुलै संपता संपता आईचा पुन्हा फोन आला. आवाजात तक्रार होती.

“अगं, या व्हॉट्सअ‍ॅपला काय झालंय? पाचांच्या वर जातच नाही. आणि ते वर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’ असं काहीतरी येतं.”

मुलीनं सांगितलं की कंपनीनंच तसं केलंय. आलेला निरोप पुढं ढकलायचा तर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी जाईल.

“होय का?” आई म्हणाली. “मग माझी पंचाईत झाली बघ. काल एक आलं होतं, कसल्याशा गोळीनं साखर जाते म्हणून. आता पाचच म्हटल्यावर कुणाला पाठवायचं? भावकीला पाठवावं तर माहेर रुसेल. बचत गटात डॉक्टरीणबाई आहेत, त्या हसतील. असा विचार करत बसले. आणि विचार करता करता वाटलं, हे खरं तरी आहे का?”

“मग?”

“मग काय, नाहीच पाठवलं. भाकऱ्या राहिल्या होत्या.”

मुलगी हसली. पण फोन ठेवल्यावर ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. आपण इतकी वर्षं ‘ठेवा’ आणि ‘काढा’ दाबतो आहोत, आणि आईच्या हातून निरोप सुटला नाही तो या दोन्हींमुळे नाही. तो थांबला तो भावकी की माहेर, या घोळात.

पुढं तिनं ती नोकरी सोडली. काही वर्षांनी तिला एका छोट्या संस्थेत काम मिळालं. ना नफा, ना तोटा. समाजमाध्यमांवर काय राहावं, काय जावं आणि ते कुणी कसं ठरवावं, याचा अभ्यास करून सरकारांना, कंपन्यांना चार गोष्टी सुचवायच्या, हे तिचं काम. अशा संस्था आता जगात बऱ्याच आहेत. अमेरिकेत तर २०२१ साली साहर मसाची आणि जेफ अ‍ॅलन या दोघांनी इंटिग्रिटी इन्स्टिट्यूट काढली ती याच कंपन्यांमधून बाहेर पडलेल्या लोकांना घेऊन. आपल्या मुलीची संस्था मात्र अगदीच लहान होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्या. एक वकीलबाई, एक आकडेमोड करणारा मुलगा, एक म्हातारे होत चाललेले इंजिनिअर आणि ही.

अफवांवर अहवाल लिहायचा ठरला. इंजिनिअर म्हणाले, शब्दांची यादी करू. ज्या निरोपात ते शब्द येतील तो यंत्रानं आपोआप काढायचा. फळ्यावर यादी झाली. ‘पोरं धरणारी टोळी’ सगळ्यात वर होतं. आकडेमोडीच्या मुलानं जुन्या जाहीर पोस्टी गोळा केल्या आणि यादी लावून बघितली. चाळणीत पहिलं जे अडकलं, ते पोलिसांचं आवाहन होतं: पोरं धरणारी टोळी आल्याची अफवा आहे, विश्वास ठेवू नका.

खोलीत कुणी काही बोललं नाही. इंजिनिअरांनी उठून स्वतःच फळा पुसला.

वकीलबाई म्हणाल्या, “आणि व्हॉट्सअ‍ॅपचं काय कराल? तिथं दोघांतला निरोप कुलपात असतो. कंपनीलाही वाचता येत नाही. जे वाचताच येत नाही ते काढणार कसं?”

तेव्हा मुलीनं आईची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, ‘दिसतो तर खरा’सकट.

मग ती खाली जाऊन वाण्याकडून पावशेर हरभरे घेऊन आली. टेबलावर तिनं एक हरभरा ठेवला. “ही आई. तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावायची. पाच ग्रुप म्हणजे १,२८०.” ती मूठमूठ हरभरे ओतत गेली, टेबल भरलं, काही खाली घरंगळले. “हे पाचाला बांधल्यावर. आणि ही एकाच बाईची एकच खेप. बांधलं नव्हतं तेव्हाचं दाखवायला पोतं लागेल.” मग तिनं हातानं ढीग बाजूला सारला आणि २५६ च्या अंदाजानं लहानशी रास ठेवली. “आणि हा एकच ग्रुप.”

वकीलबाईंनी एक हरभरा तोंडात टाकला. त्यांना सहज काही पटत नसे. “रस्त्यावर गतिरोधक घातला की रुग्णवाहिकाही हळू होते,” त्या म्हणाल्या. “उद्या गावातलं पोर खरंच हरवलं तर? त्याचा फोटो पाचच ठिकाणी?”

मुलीला उत्तर देता आलं नाही. खरं तर तिला ते बोलणं लागलं, कारण तिच्या गावात जत्रेत एक पोर खरंच चुकलं होतं, आणि ते ग्रुपवरच्या फोटोमुळेच सापडलं होतं. त्या रात्री ती उशिरापर्यंत बसली. सकाळी तिनं आकडेमोडीच्या मुलाला जुनं कात्रण दाखवलं. पाचाचा नियम जानेवारी २०१९ मध्ये सगळ्या जगाला लागू झाला होता. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, कंपनीनं आणखी एक केलं होतं. जो निरोप आधीच पाच किंवा अधिक हातांतून आलेला असेल, त्याच्यावर दोन बाण दिसत, तो पुढं एका वेळी एकाच ठिकाणी जाई. अशा निरोपांची ये-जा त्यानंतर ७० टक्क्यांनी घटली, असं कंपनीनं सांगितलं होतं.

“म्हणजे,” मुलगा सावकाश म्हणाला, “आईनं स्वतः काढलेला फोटो पाठवला की तो ताजा. त्याला एवढी अडवणूक नाही. कुणी काढला, कुठला, हेच कुणाला ठाऊक नाही, त्याचीच चाल मंद.”

“पण आकडा कंपनीनंच दिलेला आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तपासायला आपल्याला कुठे मिळतोय?”

हेही खरं होतं. म्हणून अहवालात दोन मागण्या गेल्या. एक, नवी सोय आणताना ती निरोप किती वेगानं पसरवेल हे आधी तपासा. दुसरी, तुमचे आकडे बाहेरच्यांना तपासू द्या. काय काढावं याची यादी अहवालात नव्हती. इंजिनिअरांना ते शेवटपर्यंत थोडं खटकलंच.

गोष्ट सांगणाऱ्यानं मध्ये तोंड घालू नये म्हणतात. तरी एवढं सांगायला हवं की राईनपाड्याच्या बाजाराला जी माणसं आली ती घरून पिशव्या घेऊन निघाली होती. त्यांच्या हातून जे झालं ते त्यानं रतिभर हलकं होत नाही. पण गावात अनोळखी माणूस पूर्वीही यायचा, संशय पूर्वीही यायचा. तेव्हा संशयाला एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालत जावं लागे, आणि वाटेत कुणीतरी म्हातारं माणूस विचारी, कुणी सांगितलं तुला? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतो आपण. जीभ उचलायला तरी थोडा वेळ लागतो. अंगठ्याला तोही लागेनासा झाला होता. पाचाच्या आकड्यानं आईला शहाणी केलं नाही. ती आधीपासूनच शहाणी होती. तिला फक्त भाकऱ्या थापण्याइतका वेळ मिळाला.

अहवाल इंग्रजीत तयार झाला. मुलीनं हट्ट धरला की मराठीत हवाच. तिच्या जुन्या नियमपुस्तकाची आठवण तिला होती. शिवाय २०२१ साली फेसबुकच्या ओव्हरसाइट बोर्डानं एका पंजाबी पोस्टचा निकाल देताना कंपनीला सुनावलं होतं की तुमचे नियम पंजाबीतसुद्धा द्या. ज्यांच्या पोस्टी काढता त्यांना ते वाचता तरी आले पाहिजेत. ते कात्रण तिनं वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं. भाषांतराला महिना गेला. ‘व्हायरल’ला शब्द सापडेना, शेवटी व्हायरलच ठेवलं.

मराठी प्रत छापून आली त्या संध्याकाळी मुलीनं पहिली पीडीएफ आईला पाठवली. दोन मिनिटांत फोन वाजला.

“आलं गं तुझं,” आई म्हणाली. “चाळीस पानं आहेत की. कुणाकुणाला पाठवू?”

“तू वाचलास का आधी?”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. मग कोठीचं झाकण वाजल्यासारखं काहीतरी वाजलं, मग कपाटाचं दार.

“थांब,” आई म्हणाली, “चष्मा कुठं ठेवलाय बघते.”