कानाचा खातेउतारा

जुन्या गाडीत ब्लूटूथ नसतं. फोनपासून स्टिरिओपर्यंत ऑक्सची वायर ओढायची, फोनचा आवाज पूर्ण चढवायचा आणि मग गाडीच्या बटणावरून हवा तेवढा ठेवायचा, ही लोकांची सवयीची रीत. पण फोनवरची पट्टी अर्ध्याच्या पुढे कुठेतरी गेली की चौकट उगवते: फार वेळ मोठ्या आवाजात ऐकल्याने श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. ‘ओके’ दाबल्याशिवाय पट्टी हलत नाही. आता, ज्या कानाची ही काळजी चालली आहे तो कान त्या वायरच्या टोकाला नाहीच. तिथे गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. आपल्या भोकात कुणीतरी पिन खोचली, एवढंच फोनला कळलेलं असतं.

या चौकटीवर चिडणाऱ्याला घरातून एकच उत्तर मिळतं: तुझ्याच भल्यासाठी आहे ते. उत्तर खोटं नाही, आणि म्हणूनच ही चिडचिड जरा नीट मांडावी लागते. आवाजाने होणारी इजा मोठी लबाड असते. आतल्या कानात शंखासारख्या वळणाच्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. कोंबडीच्या कानातल्या मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आलं. माणसाला ती सोय नाही. त्यात ही इजा दुखत नाही. मिरवणुकीतून घरी आल्यावर कानाला दडे बसतात, सकाळी ते सुटतात, आणि माणूस समजतो की झालं ते भरून आलं. आधी जातात ते वरच्या कंपनसंख्येचे आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे माणूस बहिरा झाल्यासारखा वाटतच नाही. समोरचा बोलतोय हे कळतं, फक्त काय बोलतोय ते नीट कळत नाही. आणि दोष बोलणाऱ्याच्या पुटपुटण्याला दिला जातो.

डेसिबलचं गणितही सरळ नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला मात्र ‘थोडासा चढला’ इतकंच वाटतं. ८५ डेसिबल आठ तास ऐकलं काय आणि १०० डेसिबल पंधरा मिनिटं ऐकलं काय, कानावर पडणारी ऊर्जा तेवढीच. तेव्हा ‘माझा कान, मला कळतं’ हा दावा इथे लंगडा पडतो. कानाला कानाचं कळत नाही.

म्हणून बंधनच नको, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण ते कुणी, कशावर आणि कुणाच्या सोयीसाठी घातलं, याच्याशी आहे.

सुरुवात युरोपात झाली. फ्रान्सने १९९०च्या दशकातच खिशातल्या वाजत्या यंत्रांना १०० डेसिबलची मर्यादा घातली होती, आणि २००२ साली अ‍ॅपलचा आयपॉड त्या मर्यादेत बसत नाही म्हणून तिथल्या दुकानांतून काही काळ उतरवावा लागला होता. पुढे २००८ मध्ये युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने हिशेब मांडला: रोज तासाहून जास्त वेळ मोठ्या आवाजात, आणि असं पाच वर्षं ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना कायमच्या इजेचा धोका. त्यातून मानक बदललं आणि २०१३च्या सुरुवातीपासून ते लागू झालं. यंत्राने आपणहून ८५ डेसिबलपाशी थांबायचं. ऐकणाऱ्याने इशारा वाचून संमती दिली तर १००पर्यंत जाऊ द्यायचं. आणि एकूण २० तास ऐकून झाले की ती संमती संपली असं धरून पुन्हा विचारायचं. अँड्रॉइडमध्ये हे बंधन मुळात सिमकार्डाच्या देश-क्रमांकावरून चालू किंवा बंद होई. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक फोनांवरही आता ती चौकट येते.

पण फोनने ८५ डेसिबल ओळखायचे कसे? फोन कानात बसलेला नाही. त्याच्या हातात फक्त बाहेर पाठवायचा विजेचा दाब आहे. म्हणून मानकात तोच मोजला जातो: वेगळ्या विकल्या जाणाऱ्या हेडफोनांसाठी वाजवणाऱ्या यंत्राने १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त द्यायचं नाही. हेडफोनांनीही ठरावीक संवेदनशीलतेच्या आत राहायचं, मग दोन्ही मिळून गणित १००वर येतं. कागदावर सगळं चोख. पण स्टुडिओत वापरतात तसले ३०० ओहमचे हेडफोन या दाबावर धापा टाकतात, आणि फुटपाथवर दीडशे रुपयांना मिळणारा, कुठल्याही मानकाचं तोंड न पाहिलेला इअरफोन त्याच दाबावर कान किटवू शकतो. पहिल्याच्या मालकाला गाणं पुरेसं ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याच्या मालकाला आपण सुरक्षित असल्याचा भरवसा मिळतो. यातला कोणता घोटाळा मोठा, हे सांगायला नको.

दुसरी अडचण गाण्याच्या बाजूची. आजचं चित्रपटगीत तयार करतानाच इतकं दाबून, ठासून भरलेलं असतं की त्यात हळू असं काही उरतच नाही. त्याउलट ख्यालाचं जुनं ध्वनिमुद्रण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती असोत, नाहीतर आकाशवाणीच्या फितींवरून उतरवलेली एखादी मैफल; मूळ पातळीच क्षीण. शिवाय मैफलीत आलापी कुजबुजल्यासारखी आणि द्रुत चीज तिच्या कितीतरी वर. आलाप ऐकू यावा म्हणून माणूस आवाज वाढवतो. पट्टी शेवटाला पोचलेली असते, पण कानावर पडतो तो शेजारच्या खोलीतल्या बोलण्याएवढा ध्वनी. चौकटीची ही जुनी पद्धत पट्टी बघायची, गाणं नाही. त्यामुळे कुजबुजत्या ख्यालाला ती अडवायची आणि ठणाणणाऱ्या गाण्याला पट्टीवर दोन घरं आधीच कान किटवू द्यायची.

आणि ती ‘ओके’ची चौकट. दर २० तासांनी तीच ओळ, तेच बटण. पहिल्यांदा माणूस वाचतो, नंतर अंगठा आपोआप जातो. बसमध्ये फोन खिशात, हात दांड्याला, आणि आवाज अचानक खाली आलेला. अशा वेळी काळजीबद्दल कृतज्ञता वाटेल अशी अपेक्षा कुणाची असेल तर ती व्यक्ती बसने फिरत नसावी. एवढं करून ही चौकट कानापेक्षा वकिलाच्या जास्त उपयोगाची. अमेरिकेत २००६ मध्ये आयपॉडने कान जातात म्हणून अ‍ॅपलवर दावे लागले, आणि त्याच वर्षी कंपनीने आवाजाला कमाल मर्यादा घालायची सोय दिली. दावा अपिलातही टिकला नाही. फिर्यादींनी स्वतःचा कान गेल्याचं म्हटलेलं नव्हतं, आणि यंत्र बेताने वापरणं त्यांच्या हातात होतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. इशारा दिला होता, तुम्ही ‘ओके’ म्हणालात: हे वाक्य कोर्टात फार कामाचं असतं.

यंत्राने माणसाचं भलं सक्तीने करायचं, हा प्रयोग अमेरिकेनेच आधी एकदा मोटारीत करून पाहिला होता. १९७४ सालच्या नव्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटचा पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होत नसे. शेजारच्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली तरी गाडीला तिथे माणूस बसल्यासारखं वाटायचं आणि ती अडून बसायची. लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने असं कुलूप सक्तीचं करायलाच मनाई केली, इशाऱ्याचा बझरही आठ सेकंदांच्या वर वाजवायला लावता येणार नाही असं ठरवलं. पट्ट्याने जीव वाचतात याबद्दल तेव्हाही शंका नव्हती. पुढे दहा वर्षांनी न्यू यॉर्क राज्याने पट्टा कायद्याने सक्तीचा केला, मागोमाग बाकीची बहुतेक राज्यं आली, आणि कुरकुर करत का होईना, लोकांनी ते मानलं. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते हे: कायद्याशी वाद घालता येतो, आमदाराला जाब विचारता येतो, पोलिसाला परिस्थिती सांगता येते. पिशवीला माणूस समजणाऱ्या सीटला काहीच सांगता येत नाही. आपल्याकडच्या नव्या गाड्यांमध्ये ताशी ८० किलोमीटरला इशाऱ्याची टिकटिक सुरू होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १००ची परवानगी आहे, तिथे ती कायदा पाळणाऱ्याला टोकते. गल्लीत कुणी ७५ने गेलं तर गप्प बसते.

मात्र हेही सांगायला हवं की आवाजाच्या बाबतीत यंत्रं सुधारली आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेल्या मानकात क्षणाचा आवाज मोजायच्या ऐवजी आठवड्याची मात्रा मोजतात: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५. आज जोरात ऐकलं तर उद्या कमी ऐका, हिशेब आठवड्याचा. आयफोनमध्ये २०२०पासून आणि अँड्रॉइडमध्ये चौदाव्या आवृत्तीपासून असा हिशेब ठेवला जातो. ब्लूटूथने जोडलेली वस्तू हेडफोन आहे, गाडी आहे की स्पीकर, हेही सांगता येतं. अर्थात ते सेटिंग कुठे दडलंय हे ठाऊक असेल तर. यात गाण्याची खरी पातळी धरली जाते, त्यामुळे बापड्या आलापीवर अन्याय होत नाही. ही पद्धत मला पटते. ती हात धरत नाही, उतारा दाखवते. (काही देशांत तरीही ती आवाज आपणहून खाली आणते आणि ते बंद करता येत नाही. म्हणजे पुन्हा तेच.)

तरी मोजमापात एक मोठी गोष्ट सुटते: बाहेरचा गोंगाट. लोकलच्या दुसऱ्या वर्गात, दरवाजाजवळ, कुणी हौसेने आवाज वाढवत नाही. रुळांच्या खडखडाटाच्या वर यायचं म्हणून वाढवतो. यावर उपाय आहे, आणि तो गोंगाट पुसणारा हेडफोन. ध्वनी-अभियंते अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या सुचलेली कल्पना आज दुकानात मिळते. पण चांगला हेडफोन घ्यायला हजारो रुपये मोजावे लागतात. ते मोजणाऱ्याला पट्टी तिसऱ्या हिश्शावर ठेवूनही स्वच्छ ऐकू येतं, आणि त्याच्या फोनवर चौकट कधी उगवत नाही. चौकट उगवते ती दीडशे रुपयेवाल्याच्या फोनवर. बाहेरचा गोंगाटच कमी करायचा म्हटलं, तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली आहे. गणपतीच्या दिवसांत ती कुठे असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर आणखी लिहून कागद कशाला घालवा?

कारखान्याचं उदाहरण मात्र सोडवत नाही. आपल्याकडे कामाच्या जागी वर्षानुवर्षं धरलेली मर्यादा ९० डेसिबल, दिवसाला आठ तास. फोन आपल्याला सांगतो ८०, आठवड्याला ४० तास. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट ऊर्जा, आणि कारखान्याचा आठवडा बहुधा सहा दिवसांचा. म्हणजे भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर उभा असलेला माणूस नियमात बसणाऱ्या आवाजातसुद्धा फोनने मंजूर केलेली आठवड्याची मात्रा पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास संपवतो. संध्याकाळी घरी जाताना त्याने दोन गाणी ऐकायला घेतली की फोन त्याला सांगतो, जपून. दिवसभर त्याच्या कानावर काय आदळलं याची फोनला गंधवार्ता नाही; फोनने मोजलेली दोन गाणी मात्र तारीख-वेळेसह नोंदली गेली.

गोंगाटाने येणारं बहिरेपण हा कामामुळे होणारा आजार म्हणून आपल्या कायद्याच्या यादीत आहे, त्यासाठी भरपाई मागता येते. कान कामाने गेला असं कायदा सहसा धरून चालतो, उलट सिद्ध करायचं ते मालकाला. उद्या अशा सुनावणीत समोरचा वकील म्हणेल, याचा फोन बघा, हा माणूस पाच वर्षं रोज गाणी ऐकत होता, आणि धोक्याच्या चौकटीवर प्रत्येक वेळी ‘ओके’ म्हणत होता. त्या पाच वर्षांत प्रेसशेजारी किती आवाज होता याची नोंद असलीच तर ती मालकाच्या कपाटात असेल. म्हणून माझी मागणी साधी आहे. फोनमधला उतारा कान ज्याचा त्याच्याखेरीज कुणालाही मागता येणार नाही, असं कायद्यात लिहा. आणि प्रेसशेजारचा उतारा प्रत्येक कामगाराला दर महिन्याला, पगाराच्या चिठ्ठीबरोबर, हातात द्या.